बादलच्या रक्ताचा खरा आकडा

मित्रांनो, पुसदमधल्या प्राण्यांच्या एका दवाखान्यात टवका उडालेले जे करडे यंत्र आहे, ते मी. रक्ताचे दोन थेंब मिळाले, की त्यात लिंबासारखे आम्ल जास्त आहे की चुन्यासारखे आम्लारी, हे मी सांगते.

तरुणपणी मी माणसांच्या रुग्णालयात राबले. पुढे नवे यंत्र आले आणि मी अडगळीत गेले. तीन उन्हाळे धूळ खाल्ली. मग डॉक्टर समीक्षा मला इथे घेऊन आल्या. त्यांनी माझे वाळलेले सेन्सर बदलले आणि मला पुन्हा वाचा फुटली.

यंदाच्या मे महिन्यात रुखमाबाईंनी शेळ्या राखणाऱ्या आपल्या बादल कुत्र्याला चादरीत घालून आणले. तीन दिवस तो ओकत होता. त्याला मानही उचलवेना.

"लांडग्याच्या तोंडातून यानं माही शेळी सोडवली मॅडम," त्या म्हणाल्या. "याले कोण सोडवन?"

माझ्या पडद्यावर सर्वांत वर रक्ताचा सामू, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांचा तोल सांगणारा आकडा उमटला, अगदी निरोगी कुत्र्यासारखा! सोबतचे डॉक्टर अंकुर म्हणाले, कुत्रा मरणाच्या दारात आणि रक्त ठीक कसे? म्हातारे यंत्र बिघडलेय, काढून टाका. मला फार लागले ते.

समीक्षांनी ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असे द्रावण घालून मला पारखले. मी अचूक उतरले. मग त्यांनी खालचे आकडे वाचले. मिठात आणि पोटातल्या आम्लात असणारे क्लोराइड फार कमी, रक्त अपुरे पडले की अंगात साचणारे लॅक्टेट फार जास्त.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आजार दोन आहेत. ओकून पोटातलं आम्ल गेलं, म्हणून रक्त आम्लारीकडे झुकलं. अंगातलं पाणी आटून अवयवांना रक्त पुरेना, म्हणून लॅक्टेटचं दुसरं आम्ल साचलं. दोन्ही एकमेकांना झाकून राह्यले, म्हणून वरचा आकडा ठीक दिसतो."

त्यांनी आम्ल मारणारे सोड्याचे इंजेक्शन टाळले, कारण त्याने आम्लारी आणखी वाढले असते. शिरेतून मिठाचे सलाईन दिले, त्यात ओकण्याने कमी झालेले पोटॅशियम बेताने घातले. दर दोन तासांनी बादलचे रक्त माझ्याकडे येई. दुपारपर्यंत लॅक्टेट उतरले, क्लोराइड चढले, बादलने मान उचलली. सोनोग्राफीत जठराच्या तोंडाशी अडकलेली आंब्याची कोय दिसली. ती दोघा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून काढली.

चौथ्या दिवशी बादल चार पायांवर दवाखान्याबाहेर पडला. रुखमाबाईंनी जाताना डॉक्टरांना हात जोडले, तसेच मलाही जोडले. अंकुर हसून म्हणाले, "म्हाताऱ्यानं आपल्याले शिकवलं." आता रोज सकाळी माझी पारख तेच करतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला स्वच्छ ठेवा. ती खोटी ठरवण्याआधी तिला एकदा तपासून पाहा. आणि वरची ओळ ठीक दिसली, तरी खालच्या ओळी वाचल्याशिवाय उठू नका. त्या दिवशी बादलचा जीव खालच्याच ओळींत होता.