आत कोणी आहे का?

"आत कोणी आहे का?" शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून आईने छपराखालच्या फटीत तोंड घातलं आणि विचारलं.

पत्र्याचा तुकडा धरून खाली उभा असलेला मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानेच खुणावलं, जाऊ दे.

"आजी, उदमांजर काय ओ देणारेय का?"

"तू गप रे. आत कोणी आहे का? असाल तर आत्ता बोला, बाबांनो. मागाहून मला बोल लावू नका."

आतून काही आवाज आला नाही. मिस्त्रीने फटीच्या तोंडाशी दुपारीच पीठ भुरभुरून ठेवलं होतं. त्यावर पंजे उमटले होते आणि सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. म्हणजे दिवेलागणीला जनावर पोट भरायला बाहेर पडलं होतं. ते परत यायच्या आत फट बुजवायची, एवढंच काम होतं. आई उतरली, मिस्त्री चढला आणि त्याने पत्रा ठोकून टाकला.

हाक मारायची ही खोड आईला मी जन्मल्यापासून आहे. कुठलंही दार लावायच्या आधी ती आत डोकावून मोठ्याने विचारणार. मग ते घराचं असो, गोदामाचं असो की साध्या कपाटाचं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. संध्याकाळी तिने कुलूप हातात घेतलं की बाकीच्या बायका म्हणायच्या, "झाली का भुतांची हजेरी घेऊन?" आई हसायची, पण विचारल्याशिवाय कुलूप लावायची नाही. मी लहान होते तेव्हा एकदा कपाटात लपून बसले आणि तिने विचारल्यावर मुद्दामच ओ दिली नाही. तिने दार लावलं. मी खिदळत बाहेर आले तर तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. आयुष्यात तिने माझ्यावर एकदाच हात उचलला, तो त्या दिवशी.

आमचा सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पाहुणा राहायला आणायचा नाही, नळ अमुक वेळेलाच सोडायचा. बाबा गेल्यावरही आई खोल्या बदलत राहिली, आणि शेवटी निवृत्तीच्या पैशांतून तिने वस्तीच्या टोकाला हे दोन खोल्यांचं घर घेतलं. वर पत्रे, त्याखाली प्लायवूडचं सिलिंग, मागे झाडी. किल्ली हातात आल्यावर बाईसाहेबांनी पहिलं काय करावं? प्रत्येक भिंतीत खिळे ठोकले. त्यांना अडकवायला काहीही नव्हतं. "अगं, पण टांगणार काय?" म्हटलं तर म्हणाली, "काही नाही. ठोकता येतात ना, म्हणून ठोकले."

आणि अशा या घरात उदमांजर शिरलं.

आधी अंधार पडला की वर धावपळ व्हायची. मग सिलिंगवर पिवळा डाग पडला, तो वाढत वाढत बरोबर आईच्या उशीवर आला. वासाने जीव नकोसा झाला. आईने पलंग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला नेला, तर डागही हळूहळू तिकडे सरकला. वन्यजीव कार्यालयात तक्रार केली तेव्हा तिथल्या एक बाई येऊन बघून गेल्या. माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, "आजी, याला पकडता येणार नाही, मारता येणार नाही, विष घालता येणार नाही. आणि सध्या पिल्लांचे दिवस आहेत, त्यामुळे फटही बुजवायची नाही. तो गुन्हा होतो."

"किती दिवस?"

"पिल्लं मोठी होऊन आपली आपण जाईपर्यंत."

"ते कोणी ठरवायचं? त्यांनी?"

"हो, म्हणजे तसंच."

"वा! जन्मभर घरमालकांची बोलणी ऐकून घेतली. आता घर माझं, छत माझं, तर वरचा भाडेकरू मला नियम सांगणार?" आईचा आवाज चढला. "बाई, माझ्या घरात माझा हक्क कुठून कुठपर्यंत, ते एकदा बोट दाखवून सांगा."

बाईंनी वर डागाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घर तुमचंच आहे, आजी. त्यांचा जीव तुमचा नाही."

आईने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तिच्या दारातून कोणी चहाशिवाय गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगायचं तर मी आईच्याच बाजूने होते. मिस्त्रीही मीच शोधून आणला. तो म्हणाला, "पिल्लं असती तर चिवचिवाट नसता का झाला? पिठावर पावलं उमटली की ठोकून टाकू. कोणाच्या बापाला कळत नाही."

पत्रा ठोकून झाल्यावर मी माझ्या घरी गेले. आई कित्येक दिवसांनी पलंग मूळच्या जागी ओढून घेत होती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

ऊन रणरणत होतं. मी पोचले तेव्हा आई घराबाहेर पायरीवर बसली होती. डोक्यावर सावली नाही, पायात चपला नाहीत. दाराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या मुठीत.

"आई! बाहेर काय बसलीस उन्हात? चल आत."

"आत रडतंय," ती म्हणाली.

मी कान दिला. आधी काहीच कळलं नाही. मग वरून, पत्र्याखालून, बारीक आवाज आला. कुईं, आणि मग बराच वेळ काही नाही.

"कधीपासून?"

"उजाडताना ती आली. पत्र्यावर नखं घासत होती. तिने आवाज दिला आणि आतून यांनी ओ दिली." आई माझ्याकडे बघत नव्हती. "मी विचारलं होतं ना गं? तुझ्यासमोर विचारलं होतं. का नाही बोलली तेव्हा?"

मी तिथल्या तिथे कार्यालयातल्या बाईंना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्या काही रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "माणसाचा आवाज आला की पिल्लं श्वास धरून बसतात," त्या म्हणाल्या. "आईने तसंच शिकवलेलं असतं. मी निघते, पण पोचायला वेळ लागेल. पत्रा तापलाय का?"

मी पत्र्याकडे पाहिलं. त्याच्यावर नजर ठरत नव्हती. मग मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता उघडायचं नाव काढू नका. उघडलं की तुमच्यावर केस आणि माझ्यावरही. संध्याकाळपर्यंत आपोआप शांत होईल." मी फोन बंद केला. त्याचं बोलणं आईने ऐकलं होतं.

"शांत होईल," ती म्हणाली. "हो. होतं शांत."

मग ती बोलायला लागली. मुठीतल्या किल्लीशीच बोलत होती म्हणा ना.

"तुझ्या आधी एक होता. मुलगा. बसायला शिकला होता नुकता."

इतक्या वर्षांत हे नाव नसलेलं पोर आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. ना आईच्या तोंडून, ना बाबांच्या.

"खोली पत्र्याचीच होती. तो रात्री रडायचा, शेजारचे कुरकुर करायचे. घरमालक म्हणाला, खोली सोडा. हे म्हणाले, बघतो दुसरी. तो निजला होता आणि मी पाण्याला गेले. नळावर ही रांग. मागे घरमालक आला. त्याने दार वाजवलं, हाक मारली. आतून कोणी बोललं नाही. त्याला वाटलं, गेले हे लोक. त्याने आपलं कुलूप घातलं आणि गेला निघून. त्याचंच घर ना. त्याच्या हक्काचं कुलूप."

"आई—"

"मी आले तर आतून रडणं ऐकू येत होतं. दार साधंच होतं गं. दगड घातला असता तर कडी निखळली असती." तिने किल्लीची मूठ आणखी आवळली. "पण दार दुसऱ्याचं होतं. फोडलं तर काय म्हणतील, असं वाटलं मला. मी किल्ली मागायला धावले. त्याच्या घरी तो नव्हता, दुकानात नव्हता. सगळा गाव पालथा घातला. किल्ली घेऊन आले तेव्हा शांत झालं होतं."

वर पुन्हा कुईं झालं. पहिल्यापेक्षा बारीक.

"सगळे म्हणतात, हिला म्हातारपणी घराचा सोस. सोस कसला? फोडता येईल असं दार हवं होतं मला. माझं स्वतःचं."

ती उठली. तिने कुलूप काढलं आणि सरळ आत गेली. पलंगावर स्टूल ठेवलं, मागच्या दाराशी पडलेली पहार उचलली. मी म्हटलं, आई, मला दे, तू पडशील. तिने ऐकलं नाही. मग मी नुसते तिचे पाय धरून उभी राहिले. पहिला घाव डागावरच बसला. प्लायवूड करकरलं, धूळ आणि घाण आमच्या तोंडावर आली, वासाने मला उमासा आला. आई ठोकत होती आणि प्रत्येक घावाला म्हणत होती, "माझं आहे. माझं आहे. माझं आहे."

कार्यालयातल्या बाई आल्या तेव्हा अर्धं सिलिंग खाली लोंबत होतं आणि आई जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर इस्पितळातल्यासारखी चौपदरी घडी घातलेली चादर आणि त्यावर तीन पिल्लं. दोन धापा टाकत होती. तिसरं हलत नव्हतं.

"मी बुजवली फट," आई म्हणाली. "मिस्त्रीचा काही दोष नाही. माझ्या सांगण्यावरून केलं त्याने. लिहा."

"ते नंतर बघू, आजी."

"नंतर नाही. आत्ता लिहा."

बाईंनी आधी बोळ्याने पिल्लांच्या तोंडात पाणी घातलं आणि मग लिहून घेतलं. पुढे सुनावणी झाली, दंडही झाला. आईने एका शब्दाने वाद घातला नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी बाईंनी एवढंच सांगितलं की पिल्लांना वर फटीजवळ ठेवू, पत्रा काढू आणि घर रिकामं करू. माणसाची चाहूल लागली तर त्यांची आई जवळ यायची नाही.

"म्हणजे मी घर सोडायचं?" आईने विचारलं.

"आजच्यापुरतं."

मला वाटलं, आता पुन्हा आवाज चढणार. आईने पिशवीत दोन लुगडी भरली आणि म्हणाली, "चला. आम्हाला घरं सोडायची सवय आहे."

तिन्हीसांजेला आम्ही तिघी गल्लीच्या पलीकडे, बंद दुकानाच्या आडोशाला उभ्या होतो. बराच वेळ काही झालं नाही. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. मग झाडीतून एक लांबट काळपट अंग पत्र्यावर आलं. फटीशी थांबलं, आत गेलं आणि मानगुटीला धरून एक पिल्लू घेऊन बाहेर आलं. झाडीत जाऊन परत आलं, दुसरं नेलं. बाई हळूच म्हणाल्या, "झालं, आजी." पण ती तिसऱ्यांदा आली. आत गेली आणि काहीच न घेता बाहेर आली. पत्र्याच्या कडेला बसून राहिली. तिसरं माझ्या आईच्या पिशवीत होतं, त्या चादरीत गुंडाळलेलं.

"तिला कसं सांगायचं?" आई म्हणाली.

ते पिल्लू आईने घरामागे पुरलं. वर दगड ठेवला, आणि थोड्या वेळाने शेजारी आणखी एक ठेवला. दुसरा कोणाचा, ते मी विचारलं नाही.

पिल्लांचे दिवस सरल्यावर बाईंच्या देखत फट रीतसर बुजवली. सिलिंगचं भगदाड मात्र आईने तसंच ठेवलंय. दुरुस्तीचं काढलं की म्हणते, "राहू दे, वारा येतो." बाई अधूनमधून येतात आणि चहा घेतल्याशिवाय आई त्यांना सोडत नाही.

आता आई कुलूप लावताना हाक मारत नाही. दार ओढून घेते, कान टेकवते आणि नुसती उभी राहते, अगदी गप्प, श्वाससुद्धा धरून. कितीतरी वेळ. पूर्वी मी म्हणायचे, "अगं चल ना, बस जाईल." आता मी पिशवी खाली ठेवते आणि तिच्या शेजारी जाऊन दाराला कान लावते.