पाचशेवी ओळ

दुपारी अडीचच्या सुमारास मागच्या खोलीतून पेन्सिल खरडल्याचा आवाज येतो. नवरा जाऊन आठ महिने झाले. मी दार ओढून घेते, तरी आवाज येतोच. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण हा आवाज कुणाचा आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.

त्याने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दवाखान्यात केसपेपरवर नंबर पडला २८२७८७४९, आणि आजार राहिला बाजूला, स्वारी त्या नंबराच्याच मागे लागली. आकड्यांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तीनने भाग जात नाही. शेवटी नऊ, म्हणजे दोन आणि पाचही बाद. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नसेल, तर ती मूळ संख्या.

"ही फुटली नाही ना," तो म्हणाला, "तर मीही फुटायचा नाही."

मी हसले, पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं.

नंबराचं वर्गमूळ ५३१७ च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या सातशे चार मूळ संख्यांनी भागून बघायचं होतं. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. वही पाठकोरी. एका ओळीत भाजक, भागाकार, बाकी. मग उलटा गुणाकार करून समासात बरोबरची खूण. दर शंभरावी ओळ माझी, हा नियमही त्याचाच.

पाचशेव्या ओळीचा भाजक होता ३५७१. भागाकार ७९१९, बाकी शून्य. मी पुन्हा केला, पुन्हा शून्य. तो उशीला टेकून माझ्याकडे बघत होता. मी बाकीच्या रकान्यात बारा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी समासात त्याची खूण दिसली. माझ्यावर विसंबून न तपासताच केली असणार, असं मी धरून चालले. पुढे त्याचा हात थरथरू लागला, एकेका ओळीला अर्धा तास लागे, तरी उरलेल्या दोनशे चार भागाकारांतले माझ्या वाट्याचे दोन सोडून सगळे त्याने पुरे केलेच. "मूळच आहे," म्हणाला, आणि चार दिवसांनी गेला. माझ्या खोटेपणापायी मी मरत्या माणसाला फुकट राबवलं, हे मला आतून खात होतं.

काल आवाज आला तेव्हा मी उठले. ते पान जाळून टाकायचं ठरवलं. टर्रकन फाडलं, तर मागच्या कोऱ्या बाजूला पुसट पेन्सिलीत त्याचं अक्षर. ३५७१ गुणिले ७९१९. उत्तर २८२७८७४९, खाली दोन रेघा.

त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याने खूण केली, आणि मला धीर राहावा म्हणून दोनशे दोन वेळा भागत बसला.

पान हातात घेऊन मी खाली बसले. आवाज चालूच होता.

सहाशेवी ओळ आली तेव्हा माझ्या हातात पेन्सिल देत तो म्हणाला होता, "घे, तुझी पाळी. मागच्या वेळेसारखीच नीट कर."

मला ती मास्तरकी वाटली होती. मी मान खाली घालून भागत राहिले, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.