नाव नवं, नंबर तोच

अंबिकाकाकींनी देवाच्या फोटोखाली एक चिठ्ठी ठेवलीय. तिच्यावर बोटीचं नाव आहे. अक्षर माझं.

काकी लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. त्यांचा निलेश माझ्याबरोबरचा, टँकरवर इंजिनरूममध्ये आहे. मी दादरला एका एजंटच्या ऑफिसात असतो, बोटींवर माणसं पाठवायचं काम. त्याला या बोटीवर मीच चढवलं.

युद्ध चालू असलेल्या एका देशाचं तेल नेणारी बोट. त्या देशावर निर्बंध आहेत. म्हणजे त्याचं तेल वाहणाऱ्या बोटीला धड विमा मिळत नाही, मोठी बंदरं आत घेत नाहीत. मग मालक काय करतात, जुनं नाव खरवडून नवं रंगवतात. झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलतात. पण प्रत्येक बोटीला एक नंबर असतो, तो शेवटपर्यंत तोच.

हे मला कोणी शिकवलं नाही. मोबाईलवर वाचून वाचून कळलं. चाळीत सगळे म्हणायचे, मनूला शिपिंगमधलं सगळं माहितीय. मला भारी वाटायचं.

फेब्रुवारीत निलेशचे पेपर भरताना मी तो नंबर टाकून बघितला. निर्बंधांच्या यादीत होता. निलेश समोरच बसलेला.

"सेफ आहे ना रे?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

दीड वर्ष थांबला होता तो बोटीसाठी. त्याला नाही म्हटलं असतं तर मी कसला शिपिंगवाला?

आता बेचाळीस दिवस बोट समुद्रात उभीय. एकही बंदर घेत नाही. ज्या देशाचा झेंडा होता त्यानेही काढून घेतला. निलेशचा मेसेज आलेला, आंघोळ खाऱ्या पाण्याने करतो, कॅप्टन उतरू देत नाही.

काकी रोज सकाळी विचारायच्या, बोट हलली काय. मी ॲपवर बोटीचा ठिपका दाखवायचो. त्या स्क्रीनला हात लावून नमस्कार करायच्या.

तो ठिपका खोटा होता. अशा बोटी आपली जागा खोटी दाखवतात. मला माहीत होतं. तरी सांगायचो, पोर्टात लाईन आहे, गणपतीला घरी असेल.

शेवटी काकींनी मला न विचारता जहाजांच्या सरकारी ऑफिसात अर्ज टाकला, निलेशला सोडवा म्हणून. चिठ्ठीवरचं नाव बघून बघून उतरवलं. काल उत्तर आलं, या नावाची बोटच नोंदलेली नाही.

कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. चेहरा एवढासा झालेला.

"माझ्याच हातसून स्पेलिंग चुकला काय रे, मनू?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. खरं सांगतो, एक क्षण ओठांवर आलंसुद्धा.

मग मी चिठ्ठी मागून घेतली. नावाखाली नंबर लिहिला. म्हटलं, काकी, स्पेलिंग बरोबर आहे. नाव नवं रंगवलेलं आहे. अर्जात हा नंबर टाका, लगेच सापडेल.

त्यांनी चिठ्ठी परत हातात घेतली.

"ह्यो तुका कधीपासून म्हायत?"

"फेब्रुवारीपासून."

मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवा कोरा कागद काढला, पेन माझ्यासमोर ठेवलं.

"लिव. सगळा लिव. आणि खाली तुझा नाव पण लिव."

लिहिलं. चाळीतलं नाही, पूर्ण नाव. वडलांच्या नावासकट. फेब्रुवारीची तारीख टाकताना पेन अडकलं, तर काकी म्हणाल्या, नीट काढ, वाचता येऊ दे.

आज तो अर्ज द्यायला दोघं जातोय. अर्ज काकींच्या पिशवीत आहे, माझ्या हातात दिलेला नाही.