संताची बुटकी गाडी

लास काब्रास गावात माणसाची इज्जत त्याच्या गाडीच्या उंचीवर ठरते, आणि तीही उलटी. गाडी जमिनीला जितकी टेकलेली, तितका माणूस मोठा. इतर ठिकाणी लोक गाड्या पळवून दाखवतात. इथे गाडी अशी चालवायची की रस्त्याकडेची कोंबडी पुढे निघून जावी, आणि मालकाने कोपर खिडकीबाहेर टाकून तिच्याकडे बघूही नये. न्यू मेक्सिकोच्या आमच्या या खोऱ्यात याला संस्कृती म्हणतात, आणि तिला कोणी नावं ठेवली तर चार शहाणी माणसं हमरीतुमरीवर येतात.

फिलिबेर्तो अर्चुलेता, म्हणजे आमचा बेर्तो, या बाबतीत आयुष्यभर उपाशी राहिलेला. त्याच्याकडे वडिलांची जुनी फोर्ड पिकअप होती, कारखान्यातून जशी आली तशीच उंच. रविवारी बाकीचे लोक शेजारच्या एस्पान्योला शहराच्या मुख्य रस्त्यावर जमिनीलगत सरपटत जायचे आणि बेर्तो मात्र गवताच्या गंजीवर बसल्यासारखा सगळ्यांच्या डोक्यावरून बघत जायचा. त्याची बायको ओर्लिंदा शाळेची बस चालवायची. डोंगरातल्या बर्फाच्या वळणांवरून ती बसभर पोरं सुखरूप आणायची, पण घरच्या फोर्डच्या स्टिअरिंगला तिने हात लावलेला बेर्तोला खपत नसे. "ही गाडी बाईमाणसाचं ऐकत नाही," असं तो म्हणायचा. गाडीला कोणी विचारलं नव्हतं.

यंदा चॅपेलचे मानकरी म्हणून गावाने अर्चुलेता जोडप्याची निवड केली. मे महिन्यात सान इसिद्रोचा सण असतो. सान इसिद्रो शेतकऱ्यांचा संत. त्याची लाकडी मूर्ती, सोबत बैलजोडी, नांगर आणि एक देवदूत, असं सगळं मानकऱ्याच्या गाडीत बसवून शेतांवरून फिरवायचं आणि फादरने पाटाच्या पाण्यावर आशीर्वाद द्यायचा. गाडी मानकऱ्याची, चालवणाराही मानकरीच. आणि एकदा निघालेला संत शेवटच्या शेतापर्यंत गाडीतून उतरवायचा नाही. अर्ध्या वाटेत उतरवला तर त्या वर्षी पाट आटतो, असं क्रुसिता मावशी सांगते. चॅपेलची किल्ली तिच्याकडे असल्यामुळे फादरसुद्धा मान डोलावतो.

मागच्या वर्षी हा मान बेर्तोच्या चुलतभावाकडे, लेरॉयकडे होता. लेरॉय म्हणजे उलट्या धर्मात गेलेला माणूस; त्याने आपली गाडी वर उचलून घेतली होती. इतकी वर की फादरला शिडी लावावी लागली, आणि म्हाताऱ्या बायकांना संताच्या पायाला हात लावता येईना. क्रुसिता मावशी भर रस्त्यात म्हणाली, "हा संत आहे की पाण्याची टाकी?" बेर्तोने ते वाक्य वर्षभर सांभाळून ठेवलं. यंदा आपण संताला लोकांच्या हाताशी आणायचं, असं त्याने जाहीर केलं. हौस स्वतःची आणि नाव संताचं. पण गावाला ते पटलं, कारण गावातल्या निम्म्या पुरुषांनी आपापल्या गाड्या अशाच कुठल्या तरी पवित्र कारणासाठी खाली घेतल्या होत्या.

गाडी ओनोफ्रेच्या अंगणात गेली. गावातल्या गाड्या तोच खाली घेऊन द्यायचा. ओनोफ्रे बेर्तोच्या लेकीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे.

"किती खाली घ्यायची, कोंपाद्रे?" ओनोफ्रेने विचारलं.

"खुर्चीत बसलेल्या म्हातारीचा हात संताच्या पायाला लागला पाहिजे."

"मग म्हातारीलाच उंच खुर्ची दे की. स्वस्तात काम होईल."

"तू ग्राइंडर काढ."

ओनोफ्रेने पुढच्या स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापलं. मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांखाली होता, तो त्यांच्यावर घेतला, तशी मागची बाजूही खाली बसली, आणि तो चासीला आदळू नये म्हणून चासीला खाच पाडली. काम चोख झालं होतं. तिथे थांबायला हवं होतं. पण बेर्तो धुळीत पालथा पडला, एक डोळा मिटून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "अजून सिगारेटचं पाकीट उभं राहतंय. आडवं बसायला पाहिजे." ओनोफ्रेलाही सुरसुरी आलीच. त्याने आणखी एकेक वेटोळं उडवलं. पुढची चाकं फेंगडी झाली, जड घागर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

"आत्ता रिकामी आहे म्हणून एवढी तरी उंच दिसतेय," ओनोफ्रे जरा भानावर येऊन म्हणाला. "संत चढला की आणखी बसेल."

"संताला कसलं वजन? संत म्हणजे कृपा."

"ती कृपा मागच्या वर्षी मीच खांद्यावर घेतली होती. अजून पाठ धरते. आणि शेतात पाटावरच्या मोऱ्यांचे उंचवटे आहेत, त्यांचं काय?"

बेर्तो खवळला. त्याने उभा जन्म रस्तेखात्यात काढला होता. "त्या मोऱ्यांवर मुरूम कोणी टाकला? मी! मला मोऱ्या शिकवतोस?"

ओनोफ्रेने ग्राइंडर ठेवून दिला. ज्याने स्वतः मुरूम टाकून उंचवटे केले, त्यालाच ते दिसत नाहीत म्हटल्यावर आपण कोण सांगणार?

गाडी घरी आली तेव्हा ओर्लिंदा तिच्याभोवती एक फेरी मारून आली. "छान झाली," ती म्हणाली. "आता बसल्या बसल्या मुंग्यांची चौकशी करता येईल तुला." बेर्तोला ते कौतुकच वाटलं.

सणाच्या दिवशी सकाळी चॅपेलमध्ये मिस्साची प्रार्थना झाली आणि मिरवणूक निघाली. फोर्डला कागदी फुलं लावली होती. मागे मधोमध सान इसिद्रो, त्याला धरून खुर्चीत क्रुसिता मावशी, कडेला व्हायोलिन आणि गिटारवाले दोन जाडजूड बंधू, पुढे बेर्तोशेजारी फादर. ओर्लिंदा बायकांबरोबर चालत होती. सगळ्यांच्या मागे लेरॉयची उंच गाडी. तिच्यावर यंदा घेवड्याची आणि लाल मिरचीच्या रश्श्याची पातेली लादली होती.

डांबरी रस्त्यावर बेर्तोचं राज्य होतं. गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. म्हाताऱ्या बायका बाजूने चालता चालता संताच्या पायाला हात लावत होत्या, तोच हात ओठांना लावत होत्या. एकीने खिडकीतून बेर्तोच्या गालालाही हात लावला. खरं सांगायचं तर त्याचा ऊर भरून आला. वडील हयात असते तर, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. एवढा वेळ तरी तो सच्चा होता.

मग रस्ता शेताकडे वळला आणि पाटावरची पहिली मोरी आली.

पुढची चाकं चढली. मग पोटाखालून असा करकराट झाला की व्हायोलिनवाल्याचा सूरच तुटला. गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं होतं. बेर्तोने जोर दिला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि मागून चालणाऱ्या बायकांच्या अंगावर सगळा मुरूम उडाला.

"अरे ए! नांगरणी नंतर कर," एक म्हातारी ओरडली.

लेरॉयने खिडकीतून डोकं काढलं. तेवढ्या उंचीवरून बोललं की कोणाचंही बोलणं उपदेशच वाटतं. "बेर्तो दादा, संताला इकडे घेऊ का? पातेली सरकवतो. शिडीपण आहे."

बेर्तोने स्टिअरिंग घट्ट धरलं. यंदाही संत लेरॉयच्या गाडीतून गेला, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. "मेलो तरी नाही!" तो म्हणाला.

"संत उतरणार नाही," क्रुसिता मावशीने मागून निकाल दिला. "दुसरं काय उतरवायचं ते उतरवा."

आधी वादक बंधू उतरले. गाडी जराशी हलली. मग फादर उतरला. तो बिचारा सडपातळ, गाडीला कळलंही नाही. मग चौघांनी क्रुसिता मावशीला खुर्चीसकट उचललं. "हळू! मी काय बटाट्याचं पोतं आहे?" स्टेपनी, जॅक, पान्यांची पेटी, सगळं रस्त्याकडेला गेलं. कोणीतरी म्हणालं, बैल काढा. मावशी कडाडली, "बैल काढल्यावर शेतकरी काय तुझ्या घरी कामाला येणार?"

लोकांनी जोर लावला. गाडी कण्हली, पण सरकली नाही. ओनोफ्रे खाली आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "बोटभर राहिलंय, कोंपाद्रे. बोटभरच. काय उतरवायचं राहिलंय?"

बेर्तो स्टिअरिंग धरून बसला होता. तो म्हणजे काही काडी नव्हे. त्याला बसवलं की सोफ्यावर दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही. आधी वादकांनी त्याच्याकडे बघितलं, मग फादरने, मग सगळ्या गावाने.

ओर्लिंदा पुढे आली आणि तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं. "तू," ती म्हणाली.

"मी मानकरी आहे!"

"मीपण आहे. चॅपेलच्या भिंतीवर दोघांची नावं लिहिली आहेत. उतर, म्हाताऱ्या."

"ही गाडी तुझं ऐकणार नाही."

"तुझं तरी कुठे ऐकतेय?"

गाव हसलं. बेर्तोने फादरकडे बघितलं. फादर पाटाच्या पाण्यात काहीतरी शोधत होता. मग बेर्तोने मागे लेरॉयकडे बघितलं. लेरॉय शिडी सोडत होता. तेव्हा कुठे बेर्तोने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. तो उतरला आणि गाडीने सुस्कारा सोडून अंग वर उचललं. हे सगळ्यांनी बघितलं. कोणी टाळी वाजवली नाही, हेच काय ते उपकार.

ओर्लिंदा आत बसली. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, क्लच असा अलगद सोडला की गाडीला वाटलं आपणच निघालोय. मागून सगळे ढकलत होते आणि सगळ्यात जास्त बेर्तो, गाल पत्र्याला चिकटवून, रडकुंडीला येऊन. एकदा खरवडल्याचा आवाज झाला आणि सान इसिद्रो मोरीच्या पलीकडे गेला. व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

बेर्तो धापा टाकत खिडकीशी धावला. "शाब्बास! आता थांब. दे इकडे."

"पुढे अजून मोऱ्या आहेत," ओर्लिंदा म्हणाली, आणि थांबली नाही.

शेवटच्या शेतात बेर्तो सगळ्यांनंतर पोचला. लेरॉयने वाटेत त्याला वर यायला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला होता, आणि आता त्याचे पाय दुखत होते. फादरने पाण्याला आशीर्वाद दिला, बियाण्याला दिला, आणि मग "आपल्या मानकऱ्याला" म्हणून स्टिअरिंगमागच्या ओर्लिंदाच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडलं. लोकांनी टोप्या काढल्या. बेर्तोनेही काढली, दुसरं करणार काय?

पातेल्यांभोवती गर्दी झाली तेव्हा तो बायकोजवळ गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या ओनोफ्रेकडे नेतो. पुन्हा वर करून घेतो, होती तशी."

"कशाला?" ओर्लिंदा म्हणाली. "लग्न झाल्यापासून या गाडीत चढायला मला कोणाचा तरी हात धरावा लागायचा. आता पाय टाकला की आत." तिने गाडीची किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली आणि त्याच्या हातात रश्श्याचा वाडगा दिला. "तुला कुठे जायचं असेल तर सांगत जा. मी सोडीन."