गोठ्यातला आकडा

निमोण्यात बापूसाहेबांना दोन गोष्टींचा अभिमान होता: सोसायटीचं तीन वेळचं चेअरमनपद आणि घरामागची दगडी खोली. त्या खोलीत घरातल्या सगळ्या लेकींची बाळंतपणं झाली होती. खोली अर्धी जमिनीत, खिडकी एकच. आणि बाळंतीण आली की बापूसाहेबांची मंडळी, झुंबरबाई, ती खिडकीही पोत्यानं गच्च बुजवत. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, या कलमात दुरुस्तीला जागा नव्हती.

डिसेंबरात कॉलेजची प्रांजल आली. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू निघतो, त्याला वास नाही की रंग नाही, कोंदट खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसांना वाईट, असं समजावत तिनं तो मोजायला चाळीस घरांत एकेक काळी डबी टांगली. इथली डबी दगडी खोलीत लागली.

"काकू, तीन महिने हिला हात लावू नका."

काकूंनी दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गिताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "ज्याचा आकडा जास्त, त्याचं नाव म्हणं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. तुमच्या विक्रमला बघाया भांडगावचं लोक यायचंत न्हवं?"

संध्याकाळी डबी गोठ्याच्या मेढीला गेली. गोठा चारी बाजूंनी मोकळा. तिथं ती म्हशींच्या संगतीत तीन महिने राहिली आणि प्रांजल न्यायला यायच्या आदल्या दिवशी गुपचूप खोलीत परतली.

पंधरा दिवसांनी प्रांजल निकाल घेऊन आली. ओट्यावर चार माणसं चहा पीत होती.

"चाळीस घरांत सगळ्यात कमी तुमच्याकडं, काका. नवलच आहे."

"नवल कसलं? जुनं बांधकाम हाय! लिवा फळ्यावर, मोठ्या अक्षरात." बापूसाहेबांनी चहाची दुसरी फेरी सांगितली.

नेमकी त्याच सकाळी सुलक्षणा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची बॅग दगडी खोलीत, आणि झुंबरबाईंच्या हातात पोतं.

"मग बुजवली खिडकी तरी चालंल?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"या आकड्याला काही काळजी नाही, काकू."

झुंबरबाई पोतं धरून तशाच उभ्या राहिल्या. एका बाजूला फळा, भांडगावचं स्थळ आणि नवऱ्याची ताठ मान. दुसऱ्या बाजूला लेक आणि तिच्या पोटातलं. हिशेब करायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"पोरी, त्यो आकडा ह्या खोलीचा न्हाई."

"मग कुठला?"

"गोठ्याचा."

बापूसाहेबांची बशी ओठाशीच थांबली. चहा पिणाऱ्यांतला हनुमंत म्हणाला, "म्हंजी चेअरमन, पयला नंबर म्हशींचा!" ओटा हसला. चेअरमन सोडून.

"आई, माझ्यापरीस तुला फळ्याची काळजी?" सुलक्षणा म्हणाली.

"व्हती. आता न्हाई."

प्रांजल रागावली नाही. तिनं नवी डबी काढली. "घाबरायचं कारण नाही. पण निकालाला पुन्हा तीन महिने. तोवर खिडकी उघडी ठेवा."

"आन् वारं?"

प्रांजलनं डबी बापूसाहेबांच्या हातात दिली.

नव्या डबीची गाठ बापूसाहेबांनी स्वतः बांधली, तीही दुहेरी, आणि बायकोकडं बघत. झुंबरबाईंनी पोतं म्हशीच्या अंगावर टाकलं, खिडकी सताड उघडली आणि सुलक्षणाच्या कानांवरून मफलर इतका आवळला की तिला पुढचं काही ऐकू गेलं नाही.