दुसरी पसंती

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक लागली आणि आमच्या मेंढपाळाच्या घरात मत निघालं ते एकटं माझं. सासूबाईंनी, केराबाईंनी, हे ऐकलं मात्र, मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. विधानपरिषदेत शिकलेल्यांना वेगळा आमदार, मास्तरांना वेगळा, मग मेंढरं राखणाऱ्यांचा कुठला? तसा नसतो, मी म्हणाले. का नसतो, ते मात्र मला सांगता येईना. बी.ए.ला माझं राज्यशास्त्र होतं, पण हा प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. कळप घेऊन बाहेर पडलं की मुक्काम कुठं टाकायचा हे सगळ्या बिऱ्हाडांना विचारून ठरतं. ज्याची चारच मेंढरं, त्यालाही विचारतात. मग मुंबईत का नाही विचारत?

मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे असतात हे कळल्यावर तर त्यांचे डोळे चमकले.

"एक तुजं लिव, दोन माजं," त्या म्हणाल्या. "तुज्या परीक्षेच्या टायमाला मेंढरामागं मीच हिंडले न्हवं?"

हे अगदी खरं होतं. त्यांना हवा होता गायरान चराईला मोकळं ठेवा म्हणणारा उमेदवार. मला हवा होता रखडलेल्या नोकरभरतीवर बोलणारा, कारण त्या भरतीच्या आशेवरच मी दिवस काढत होते.

मतदानाला आम्ही दोघी सांगोल्याला गेलो. हातात जांभळं पेन आलं आणि मी अडले. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तरच दुसरी पसंती मोजतात, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. लहान पोराची समजूत काढावी तसं त्यांच्या माणसापुढं दोन लिहायचं माझ्या जिवावर आलं. मी तिथं एक लिहिलं आणि माझ्या माणसापुढं दोन.

सासूबाई फाटकाबाहेर लिंबाखाली बसल्या होत्या.

"आत्या, एक तुमचं लिवलं," मी ऐटीत सांगितलं.

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, मग दोन कधी मोजतात? आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मला तुज्या संगं मत पायजे हुतं, विजे," त्या म्हणाल्या. "तुजं काढून घेतल्यालं न्हवं."