पहिला आकडा

मी एक जुनी मोजपट्टी आहे. पोलादाची, पिवळी, डबीत गुंडाळून राहणारी. मित्रांनो, माझ्या टोकाला एक आकडा आहे आणि अंगावर हजारो आकडे. त्यामुळे आकड्यांचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. फक्त एका दुपारी, एका आकड्याने मला कापरं भरलं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. अंगावर रंग चढला, रेघा उमटल्या आणि एका बाईंनी अंगठ्याने दाबून मला डबीत बसवलं. तेव्हापासून मी अंधारात गोल होऊन झोपते. झोपेत मला मोजलेल्या खोल्या दिसतात. एकीचं दार दुसरीत उघडतं, दुसरीची खिडकी तिसरीत, आणि साऱ्या खोल्या माझ्या वेटोळ्यात अलगद मावतात.

एका सुताराने मला विकत घेतलं. सव्वीस वर्षं मी त्याच्या कमरेला होते. "ही कधी खोटं बोलत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा मला आत ओढून घेणारी कळ कशी ताठ व्हायची! पुढे त्याचे हात थरथरू लागले आणि माझी रवानगी खिळ्यांच्या खणात झाली. चार वर्षं मला कुणी हात लावला नाही. कडेने गंज धरला. मग एके सकाळी त्याच्या मुलीने खण उघडला, मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

मुलीने नवा धंदा धरला होता. जुनी घरं घ्यायची, डागडुजी करायची आणि विकायची. भांडवल तिच्या भागीदाराचं. त्यांना सगळे मागून 'निम्मेकाका' म्हणत, कारण घरमालक काहीही सांगो, हे निम्म्यावरूनच सुरुवात करत.

"पहिला आकडा ऐकून माणूस चिडला पाहिजे," ते तिला शिकवत. "नाही चिडला तर समज, आपण जास्त बोललो. तो चिडेल, मग थोडा उतरेल, तू थोडी चढ. आणि ते भंगार कशाला नेतेस? माझं यंत्र ने. लाल ठिपका पाडला की माप हजर."

"असू द्या काका. बाबांची आहे," ती म्हणाली.

तिचा पहिला सौदा एका निवृत्त सुईणबाईंच्या घराचा होता. दुपार कलती होती. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं. लाल ठिपक्याला दुसरं माणूस लागत नाही, मला लागतं. म्हणून बाईंनीच माझं टोक धरलं आणि भिंतीकडे चालू लागल्या. मी त्या दोघींच्या मधे ताणली गेले.

"तुझी पट्टी कडक आहे गं," बाई म्हणाल्या. "माझी कापडी होती. याच खोलीत एकशे बारा बाळं मोजली मी. रडत असायची, तरी पाय सरळ करून मोजायचं."

मला गुंगी आल्यासारखं झालं. त्या रिकाम्या खोलीत एकशे बारा इवल्या लांब्या तरंगत होत्या, आणि मी त्यांच्यामधून हळूहळू सरकत होते.

सारं मोजून झालं. छप्पर गळत होतं, मागची भिंत ओल धरून होती. मुलीने वही मिटली, घसा साफ केला आणि आकडा सांगितला. बाईंनी मागितलेल्या किमतीच्या बरोबर निम्मा.

बाई चिडल्या नाहीत. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बरं."

"बरं म्हणजे?"

"दिलं. धाकट्या बहिणीला दिसेनासं झालंय. चहा करताना हात भाजून घेते. मला लवकर तिच्याकडे जायचंय."

मुलीची मूठ माझ्यावर आवळली. त्या निम्म्या आकड्याने मला कापरं भरलं. हो म्हटलं असतं तर पहिल्याच सौद्यात ती तरली असती, आणि निम्मेकाकांनी पाठ थोपटली असती. काकांनी चिडणाऱ्या माणसाचं उत्तर शिकवलं होतं. 'बरं' म्हणणाऱ्याचं शिकवलंच नव्हतं.

"बाई, थांबा," ती शेवटी म्हणाली. "तो आमचा पहिला आकडा होता. त्यावर तुम्ही नाही म्हणायचं असतं."

"असं असतं होय? मग आता काय म्हणू?"

"म्हणा, 'मुली, घर बघायला आलीस की चेष्टा करायला?'"

बाई हसल्या. मग खुर्चीत ताठ बसून त्यांनी ते वाक्य असं ठणकावलं की मुलगी दचकलीच. तासभर दोघी घासाघीस करत राहिल्या. मुलगीच त्यांना एकेक पायरी वर चढवत होती. पाऊण किमतीच्या थोडं वर सौदा ठरत आला, तेव्हा बाईंनीच हात वर केला. "छप्पर मात्र खरंच गळतं हो. त्याचे कापून घे."

"चालून आलेली लक्ष्मी परत पाठवलीस!" निम्मेकाका कडाडले. ठरल्याप्रमाणे पैसे त्यांनी दिले, पण पुढची भागीदारी तिथेच मोडली. बाई आठवड्यात बहिणीकडे गेल्या. सुतार थरथरत्या हातांनी खुणा करून दाखवी आणि मुलगी करवत चालवी. घर विकून जेमतेम एक चांगली शिडी आणि बाबांचा चष्मा येईल एवढेच पैसे सुटले. पण काम संपलं त्या दिवशी ओल काढलेल्या भिंतीला पाठ टेकून बापलेक डबा खायला बसले, तेव्हा दोघं बराच वेळ हसत होते.

आजही ती पहिला आकडा कमीच सांगते. धंदा आहे तो. पण लगेच म्हणते, "हा माझा पहिला आकडा. घाई करू नका. घरच्यांशी बोला, उद्या तुमचा सांगा." काही घरं हातची जातात. काही वेळा लोक स्वतःहून तिला शोधत येतात.

माझी कळ आता सैल झाली आहे. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला ओल्या हाताने गुंडाळू नका, आणि आत घेताना एकदम सोडून देऊ नका, अंगाला घड्या पडतात. आणि कधी कुणाची जुनी वस्तू घ्यायला गेलात, तर भाव खुशाल पाडा. फक्त समोरच्याची मान खाली जाईल इतका पाडू नका.